अब्बांच्या नावाची मशीन

आमच्या घरात जेवायला बसलं की पहिलं काम वरणातलं तूस काढायचं असे. भांडी कितीही झाका, पातेलं उघडलं रे उघडलं की कुठूनतरी कापसाचा एक तंतू तरंगत यायचा आणि अलगद वरणावर बसायचा. अम्मी तो बोटाने उचलून परातीच्या कडेला पुसायची आणि काही झालंच नाही अशी भाकर थापत राहायची. पाहुणे आले की मात्र तिचा जीव खालीवर व्हायचा. तूस आमच्या केसांत असायचं, पापण्यांवर असायचं, ईदच्या शीरखुर्म्यातही असायचं. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मुलगी बाई वर्गात यायच्या आत माझ्या वेणीतलं तूस वेचून द्यायची. जेवण झालं की अब्बांच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. गुळाने छातीत गेलेलं तूस खाली उतरतं, अशी आम्हां पिंजाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत. मीही कित्येक वर्षं ती खरी मानली. अब्बांची छाती वाजायला लागली तेव्हा गुळाचा खडा मोठा झाला, दुसरा काही इलाज झाला नाही.

अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत कापूस आणि मागच्या खोलीत आम्ही. आढ्याला टांगलेली पिंजायची कमान, तिची ताणलेली तात, आणि त्या तातेवर लाकडी दस्त्याने अब्बा मारायचे तो ठोका. दस्ता बसला की आधी घुमल्यासारखा आवाज यायचा आणि मागून कापूस उडायचा तो फुसफुस आवाज. त्या आवाजात मी पाढे पाठ केले, त्यातच झोपले. लग्नसराईच्या आधी अब्बा कमान खांद्यावर टाकून अचलपूर, अंजनगावकडे जायचे, गावोगाव गल्लीतून तात वाजवत फिरायचे आणि बायका जुन्या गाद्या घेऊन ओट्यावर यायच्या. ते गेले की घर एकदम मुकं व्हायचं. पिंजलेल्या कापसाच्या गाद्या शिवायचं काम अम्मीचं. जाड सुई, दुहेरी दोरा आणि दातात धरलेला टाका. घरात आमची बोली उर्दूची, पण दार ओलांडलं की वऱ्हाडी. भांडायचं झालं तर अम्मी घरातही वऱ्हाडीतच भांडायची, म्हणून घरातलं बोलणं मी इथे त्याच बोलीत लिहिते आहे.

शेजारी सुभद्राबाई राहायच्या. बाबासाहेबांबरोबर बौद्ध झालेलं कुटुंब, नवरा मालधक्क्यावर हमाल आणि बाई स्वतः भाऊसाहेबांच्या जिनात, म्हणजे कापसातली सरकी वेगळी करायच्या कारखान्यात, सरकी निवडायला. भाऊसाहेब म्हणजे आमच्या भागातले जिनवाले. कापसाच्या हंगामात त्यांच्या फाटकासमोर बैलगाड्यांची रांग नदीच्या पुलापर्यंत लागायची. अब्बांना पिंजायला लागणारा कापूस तिथूनच यायचा, तोही निवडून उरलेला. भाऊसाहेबांबद्दल अब्बा कधी वाकडं बोलले नाहीत. "देनारा हात हाये," असं म्हणायचे. सुभद्राबाई त्यावर फक्त हसायच्या.

मी मॅट्रिकला होते तेव्हा अब्बांना पहिल्यांदा रक्तासारखं काहीतरी थुंकीत दिसलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी सांगितलं, कापसाची धूळ बंद करा. धूळ बंद करायची म्हणजे जेवण बंद करायचं, हे डॉक्टरांना कोण सांगणार? पण तेव्हा पिंजायची मशीन निघाली होती. दात्यांचा रूळ, वर झाकण, एका बाजूने कापूस घालायचा आणि दुसऱ्या बाजूने मऊ थर बाहेर. धूळ झाकणाच्या आत. परतवाड्याला एका पिंजाऱ्याकडे अब्बांनी ती पाहिली होती आणि घरी येऊन दोन्ही हातांनी हवेत तिचं चित्र काढून आम्हाला दाखवलं होतं. मी म्हटलं, "बँकेत विचारू या." शाळेत नागरिकशास्त्राच्या धड्यात लिहिलं होतं, बँक गरजूंना कर्ज देते. मी त्या धड्यावर विश्वास ठेवला होता.

बँकेत जायचं म्हणून अब्बांनी इस्त्रीचा पायजमा घातला. आम्ही बाकावर बसलो. आमच्या नंतर आलेले दलाल, अडते आत जाऊन, चहा पिऊन बाहेर आले. भाऊसाहेब आले तेव्हा मॅनेजर स्वतः दारापर्यंत आले आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना आत घेऊन गेले. शेवटी आम्हाला बोलावलं. मॅनेजर पुण्याकडचे, बोलणं अगदी स्वच्छ.

"तारण काय देणार?"

अब्बांना शब्द कळला नाही. मी सांगितला. अब्बा म्हणाले, "हुजूर, मशीनच ठेवा ना तारन. मी कुठी जातो?"

"असं होत नाही. घर स्वतःचं आहे? शेत? कोणी जामीन?" मग माझ्याकडे वळून, "मुली, ही बँक आहे. इथे व्यापार-उद्योगाला पैसा देतात. वडिलांना समजाव."

आम्ही उठलो आणि दारापर्यंत पोहोचायच्या आत शिपायाने आम्ही बसलो होतो तो बाक फडक्याने झटकला. तूस पडलं असेल, पडतच असे. पण तो फडक्याचा आवाज माझ्या कानातून अजून गेलेला नाही. भाऊसाहेबांचा व्यापार कशाचा होता? कापसाचाच. त्यांच्या कापसाच्या गठाणींवर बँक लाखांनी रुपये देत होती आणि आमच्या अंगावरचा कापूस झटकून टाकत होती.

त्यानंतर वर्षभराने वारं फिरलं. दिल्लीत बँकांवर दाब येऊ लागला होता, की सगळा पैसा बड्या धेंडांकडे जातो, शेतकऱ्याला, कारागिराला काही मिळत नाही, तेव्हा त्यांनाही द्या. बँका सरकारच्या व्हायच्या होत्या अजून, पण हुकमांची सुरुवात झाली होती. 'अग्रक्रम' हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा वर्तमानपत्रात वाचला. शेती, लघुउद्योग, कारागीर यांना अग्रक्रम. मी ती बातमी अब्बांना वाचून दाखवली. ते म्हणाले, "चांगलं हाये. कोनाले तरी भेटन."

काही दिवसांनी भाऊसाहेबांनी त्यांना जिनात बोलावलं. संध्याकाळी अब्बा आले ते हसतच. भाऊसाहेबांनी पिंजायची मशीन घ्यायचं ठरवलं होतं आणि चालवायला अब्बांना ठेवणार होते. दिवसाचा रोज ठरला, धूळ नाही, पायपीट नाही. तिथे बँकेचे मॅनेजरही होते आणि कामावर ठेवल्याच्या कागदांवर अब्बांनी उर्दूत सह्या केल्या होत्या. "साहेबानं माह्यासंगं हात मिळवला," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. अम्मीने त्या दिवशी कणकेचे रोडगे केले आणि सुभद्राबाईंकडे ताट पाठवलं. सुभद्राबाई ताट परत द्यायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "कामावर ठेवाले बँकेचा साहेब कायले लागते वो?" आम्ही कोणी तिकडे लक्ष दिलं नाही.

मशीन आली. जिनाच्या आवारातल्या पत्र्याच्या शेडमध्ये बसली. भाऊसाहेब आता पिंजलेला कापूस पार नागपूरपर्यंत गाद्यावाल्यांना विकू लागले. अब्बा सकाळी जायचे आणि दिवे लागायच्या वेळी यायचे. घरातली कमान आढ्याला नुसती टांगून राहिली. वरणात तूस येईनासं झालं, आणि खरं सांगते, आम्हाला ते सुख वाटलं. म्हणूनच पुढे जो संताप आला त्यात स्वतःच्या त्या सुखाचाही राग होता.

एका दुपारी अब्बा खोकल्यामुळे घरीच होते. मी दारात बसून उशीचा अभ्रा शिवत होते. गल्लीच्या तोंडाशी मोटार थांबली आणि नाकाला रुमाल लावलेले एक मोठे साहेब नाली ओलांडत आमच्याकडे येताना दिसले. मागून मॅनेजर, घामाघूम. मुंबईच्या मुख्य कचेरीतले अधिकारी होते. मॅनेजर त्यांना जिनातच नेणार होते, पण साहेबांनी हट्ट धरला होता की कारागिराचं घर पाहायचं. अम्मीने पडद्यामागे चहा टाकला. अब्बा खाटेवरून उठून उभे राहिले.

"काय मियाँ, मशीन कशी चालते?" साहेबांनी विचारलं.

"बढिया, साहेब. भाऊसाहेबांची मशीन लय चांगली हाये."

"भाऊसाहेबांची?" साहेब हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गोंधळला. "अहो, तुमची मशीन. कर्ज तुमच्या नावावर आहे. तुमच्यासारख्यांसाठीच तर ही योजना."

मॅनेजर घाईने पुढे झाले. "जागेची अडचण आहे, सर. इथे वीजही नाही. म्हणून तात्पुरती त्यांच्याकडे... भाऊसाहेब जामीन आहेत ना."

मी उभी राहिले. मांडीवरचा अभ्रा खाली पडला. मी पुस्तकी मराठीत बोलायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला घसरले. "साहेब, मशीन आमची आहे हे आम्हाला आज तुमच्या तोंडून कळतंय. माझे वडील तिथे मजूर हायेत. स्वतःच्याच मशीनवर मजूर! रोजानं जातात थे!"

साहेबांचा चेहरा बदलला, हे मी नाकारत नाही. त्यांना कळलं. सगळं कळलं. त्यांनी मॅनेजरकडे एकदा पाहिलं, मग घड्याळाकडे. "हे जरा पाहून घ्या," एवढंच म्हणाले. अम्मीने कपबशी पडद्याबाहेर सरकवली होती. तिला हात न लावता ते निघाले, कारण भाऊसाहेबांच्या बंगल्यावर जेवण मांडलं होतं.

आज मी अमरावतीला राहते. शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. बँकेच्या मुली फोन करून, "मॅडम, कर्ज हवंय का?" असं गोड आवाजात विचारतात. वर्तमानपत्रात छापून येतं की अग्रक्रम क्षेत्राला इतके टक्के कर्ज दिलं, उद्दिष्ट पूर्ण झालं. माझं डोकं फिरतं. त्या साली आमच्या शाखेचंही उद्दिष्ट पूर्ण झालं असणार. त्यात अब्बा असणार, 'कारागीर' म्हणून. अन्यायाविरुद्ध कायदा नसतो तेव्हा माणूस निदान नशिबाला बोल लावू शकतो. इथे कायदा आमच्या बाजूने होता, हुकूम आमच्या नावाचा होता, पैसा आमच्यासाठी निघाला होता, आणि आमच्याच सहीवरून चालत तो दुसऱ्याच्या फाटकात गेला होता. मला भाऊसाहेबांपेक्षा त्या मुंबईच्या साहेबांचा राग अधिक येतो. भाऊसाहेबांनी आपला फायदा पाहिला. ह्यांचा तर काहीच तोटा होणार नव्हता, तरी त्यांना जेवायला उशीर नको होता.

त्या दुपारी साहेब गेल्यावर अब्बा खाटेवर बसले आणि म्हणाले, "जाऊ दे. रोज तर भेटून राह्यला."

अम्मीने खुंटीवरचा बुरखा काढला. "तुमाले भेटून राह्यला. आन् हप्ता थकला तर पकडून कोनाले नेतीन? भाऊसाहेबाले?"

अम्मी मला म्हणाली, "चाल." गल्लीत आल्यावर तिने सुभद्राबाईंच्या घरात डोकं घालून त्यांच्या नवऱ्याला हाक मारली. ते पाळी संपवून नुकतेच आले होते. त्यांना काय झालं ते सांगायला जेमतेम दोन वाक्यं लागली. त्यांनी हातगाडी काढली आणि आणखी दोघा हमालांना सोबत घेतलं.

फाटकावरच्या चौकीदाराने अडवलं तेव्हा आतून सुभद्राबाई सरकी निवडणाऱ्या बायकांना घेऊन फाटकाशी आल्या. त्यांनी फाटक आतून उघडलं. एवढ्या बायका एकदम उठून आलेल्या चौकीदाराने कधी पाहिल्या नसाव्यात. गलका ऐकून शेजारच्या बंगल्यातून भाऊसाहेब हात पुसत आले, मागे मॅनेजर. मोठे साहेब गच्चीवर उभे राहून पाहत होते. खाली आले नाहीत.

"काय तमाशा लावला हा?" भाऊसाहेब म्हणाले.

"मशीन न्याले आलो," अम्मी म्हणाली. "आमची हाये ना? तुमच्या साहेबानंच सांगतलं."

मॅनेजर म्हणाले, "बाई, ही बँकेकडे गहाण असलेली मालमत्ता आहे. अशी उचलून नेता येणार नाही."

मी म्हटलं, "मग इथे कशी आली? इथे बँक आहे का?"

हमाल शेडमध्ये शिरले, पण मशीन जमिनीला नटबोल्टने घट्ट आवळलेली. ओढून हलेना. भाऊसाहेबांच्या तोंडावर हसू आलं. तेवढ्यात बायकांची गर्दी बाजूला झाली आणि अब्बा आत आले. धापा टाकत होते, टोपी तिरकी झाली होती. ते कोणाकडेही न पाहता कोपऱ्यात ठेवलेला पाना घेऊन मशीनपाशी खाली बसले.

"रज्जाक," भाऊसाहेब म्हणाले, आवाज अगदी मऊ करून, "तुले काय कमी केलं मी? सांग बरं साऱ्यायसमोर."

अब्बांनी पहिला नट सैल केला. मग मान वर केली. "कर्ज माह्या नावाचं आन् मशीन तुमच्या नावाची. मंग मी कोन, भाऊसाहेब?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. पण मी जन्मात पहिल्यांदा अब्बांना कोणाला तरी प्रश्न विचारताना ऐकत होते. भाऊसाहेब बंगल्याकडे वळले. "ने रे बापा, ने," ते म्हणाले, "पाह्यतोच मी, बिनविजेची काय पिंजते थे."

त्यांचं म्हणणं खरं ठरलं. मशीन हातगाडीवरून सगळ्या मोहल्ल्याने मिरवत आणली, पुढच्या खोलीत बसवली आणि तिला लावायला वीज नव्हती. गल्लीत खांबच नव्हता. मी अर्जांवर अर्ज लिहिले. वीज कचेरीत सांगत, आधी खांब मंजूर व्हायला हवा. नगरपालिकेत सांगत, तुमची वस्ती नकाशावर नाही. भाऊसाहेबांनी जामीनकी काढून घेतली आणि बँकेची माणसं दर महिन्याला दारात. मशीनसाठी कर्ज द्यायला निघालेल्या एकालाही आधी वाटलं नव्हतं का, की ही चालणार कशावर? वाटलं होतं. म्हणूनच तर ती भाऊसाहेबांकडे बसवायची ठरली होती.

मग अब्बांनी आढ्यावरची कमान पुन्हा खाली घेतली. तूस लागू नये म्हणून चादरीखाली झाकून ठेवलेली मशीन मागे, आणि तिचा हप्ता फेडायला तिच्यासमोर बसून, तोंडाला फडकं बांधून, पूर्वीसारखाच हाताने कापूस पिंजणारा माझा बाप. हे चित्र मी हिवाळाभर, उन्हाळाभर पाहिलं. खोकला आला की ते दस्ता खाली ठेवायचे, चादरीला धरून उभे राहायचे, पुन्हा बसायचे. भाऊसाहेबांच्या जिनातला कापूस बंद झाला होता, म्हणून सुभद्राबाईंचे यजमान मालधक्क्यावरून दुसऱ्या व्यापाऱ्याचा आणून द्यायचे. अम्मी दिवसा गाद्या शिवायची आणि मी लहान मुलांच्या शिकवण्या धरल्या. एकही हप्ता चुकला नाही. त्याबद्दल बँकेतल्या कोणी शाबासकी दिली नाही. त्या पावसाळ्यात बँका सरकारच्या झाल्या, चौकात फटाके वाजले आणि नव्या व्यवस्थेचं स्वागत करायला पहिला हार भाऊसाहेबांनी मॅनेजरच्या गळ्यात घातला. तो फोटो बँकेत लागला. पुढे मॅनेजर बढतीवर गेले.

वीज आली ती पुढच्या थंडीत. मीटर बसल्यावर अब्बांनी चादर काढली, कापूस घातला आणि बटन दाबलं. मशीन घरघरली. पुढून पांढरा, सलग थर यायला लागला. अम्मी रडली. अब्बा मात्र हसले नाहीत. त्यांनी तो थर हातात घेऊन उजेडात धरला आणि म्हणाले, "दोन साल अगोदर याले पायजे होता." त्यांचा खोकला पुढे वाढला नाही, पण गेलाही नाही.

कर्ज फिटलं. त्यानंतर एकदा बँकेतून बोलावणं आलं. मी अब्बांबरोबर गेले. नवे मॅनेजर तरुण होते, त्यांनी खुर्च्या दिल्या. टेबलाच्या बाजूला एक चपला शिवणारे गृहस्थ संकोचून उभे होते. त्यांना शिलाईची मोठी, मोटारीवर चालणारी मशीन हवी होती आणि जामीन मिळत नव्हता.

"तुमची फेड अगदी चोख आहे," मॅनेजर म्हणाले. "तुम्ही जामीन राहिलात तर मी आजच मंजूर करतो. इथे सही करा."

मी अब्बांच्या पायाला हळूच पाय लावला. मला भीती वाटली. अब्बांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या माणसाकडे पाहिलं.

"मशीन कुठी ठेवशीन?"

"घरीच, चाचा."

"चाला मंग," अब्बा उठले. "साहेब, तुमीबी चाला. सही तिथंच करतो."

मॅनेजर गोंधळले. "त्याची आवश्यकता नाही. नियमात असं काही नाही."

"मंग तुमच्या नियमात हाये तरी काय?" अब्बा म्हणाले आणि दारात जाऊन उभे राहिले.

मॅनेजर आले. त्यांच्या जागी मी असते तर आले असते की नाही, सांगता येत नाही. पण ते आले, हे नोंदवायला हवं. अब्बांना दम लागत होता, म्हणून सगळेच हळू चालले. त्या माणसाची खोली स्टेशनपलीकडे होती. अब्बांनी दाराची रुंदी वितींनी मोजली, कोपरा पाहिला, जमीन पायाने दाबून पाहिली. मग छताकडे बोट दाखवलं.

"बटन दाब."

त्या माणसाने दाबलं. भरदुपारी खोलीत पिवळा दिवा लागला. त्याची बायको, मॅनेजर, मी, सगळे वर पाहत राहिलो. अब्बांनी दिवा पुन्हा एकदा बंद करून लावायला लावला. मग मॅनेजरपुढे हात केला आणि म्हणाले, "आना कागद."